बाप होण्याआधीचे तीन महिने

मूल हवे असे ठरले की आपल्याकडे पहिली तपासणी सुनेची होते, पथ्यपाणी तिला सांगितले जाते आणि नवरा दवाखान्याबाहेर गाडीपाशी थांबतो. वास्तविक मूल होण्यात अडचण येणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा कमी-अधिक वाटा असतो, आणि पुरुषाची प्राथमिक तपासणी स्त्रीच्या तपासण्यांपेक्षा कितीतरी सोपी व बिनत्रासाची असते. म्हणून तयारी दोघांनी एकाच दिवशी सुरू करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ही तयारी किती आधी करावी, याचे उत्तर शरीरातच आहे. वृषणात एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७० दिवस लागतात आणि तो पक्व होऊन बाहेर पडण्याजोगा होण्यास आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणजे आज घेतलेली काळजी फळाला येते ती साधारण तीन महिन्यांनी. दिवाळीनंतर मूल राहावे असे वाटत असेल, तर नवऱ्याने श्रावणापूर्वीच सुरुवात केलेली बरी.

पहिली गोष्ट तंबाखू. कोल्हापुरात सिगारेट न ओढणारा माणूस स्वतःला निर्व्यसनी समजतो आणि दिवसातून चार वेळा पानपट्टीवर मावा घेतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळून तळहातावर रगडला की झाले. तंबाखू ओढा की चघळा, निकोटीन रक्तात जातेच, आणि शुक्राणूंची संख्या, हालचाल व त्यांच्यातील जनुकीय द्रव्य या तिन्हींना तंबाखू अपाय करते. धूम्रपान करणाऱ्याच्या धुराचा त्रास पुढे गरोदर पत्नीला होतो, तो वेगळाच. सोडणे एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. मद्याबाबत या काळात पूर्ण विराम हाच सरळ मार्ग आहे.

दुसरी गोष्ट तालमींच्या या शहरात मुद्दाम सांगावी लागते. दंड-बैठका आणि दूध-बदाम यांवर शरीर कमावणाऱ्याला कसलीच भीती नाही. परंतु लवकर अंग भरावे म्हणून जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची किंवा इतर स्टेरॉइडची इंजेक्शने घेणारे तरुण आपल्या पितृत्वावरच घाव घालत असतात. बाहेरून हे संप्रेरक मिळू लागले की मेंदूतील पियुषिका ग्रंथी वृषणाला काम करण्याचा संदेश देणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, काहींमध्ये पूर्ण बंदही पडते. इंजेक्शने थांबवल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. ‘ताकदीचे इंजेक्शन’ असे सांगून कोणी काही दिले असेल, तर त्याचे नाव डॉक्टरांना न लपवता सांगावे.

तिसरी गोष्ट उष्णता. वृषण शरीराबाहेर असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीपाशी उभा राहणारा कामगार, गुऱ्हाळावर चुलवाणात जळण सारणारा गडी आणि पुणे-बेंगळुरू महामार्गावर तासन्‌तास बसून राहणारा ट्रकचालक यांनी याचा विचार करायला हवा. पोट भरण्याचे काम सोडा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र शक्य तेथे पाळी बदलून घेणे, मध्ये उठून मोकळ्या हवेत फिरणे आणि सैल सुती कपडे वापरणे एवढे करता येते. गुऱ्हाळाचा हंगाम संपून तीन महिने झाल्यावर प्रयत्न सुरू करणे हाही एक शहाणपणाचा हिशोब आहे. डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल, तरी शुक्राणू दोन-तीन महिने मंदावतात. त्या काळातील रिपोर्ट पाहून खचून जाऊ नये.

उसात तणनाशक किंवा कीटकनाशक मारणाऱ्यांनी पाठीवरचा पंप आधी पाहावा. तो गळका असेल तर औषध कमरेवर आणि मांड्यांवर झिरपत राहते आणि कातडीवाटे अंगात जाते. हातमोजे व पूर्ण कपडे घालावेत, घरी येताच साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

आता तपासणी. वजन, रक्तदाब, रक्तातील साखर, एचआयव्ही, कावीळ ब आणि गुप्तरोगाची तपासणी करून घ्यावी. सीपीआर रुग्णालयासारख्या शासकीय ठिकाणी एचआयव्हीची तपासणी मोफत व गोपनीय असते. मामाच्या मुलीशी लग्न झालेले असेल, किंवा घराण्यात थॅलेसेमिया, सिकलसेल असा आनुवंशिक आजार असेल, तर दोघांनी आधीच जनुकीय समुपदेशन घ्यावे. अपस्मार, आतड्याचा दाह, संधिवात यांवरील काही औषधांचा शुक्राणूंवर किंवा गर्भावर परिणाम होऊ शकतो. ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारून बदलावीत. वृषणाभोवती गाठ, जडपणा किंवा फुगलेल्या शिरा जाणवल्या तर लाज न बाळगता मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. शिरा फुगण्याचा हा विकार दर शंभरातील साधारण १५ पुरुषांत असतो आणि त्यावर उपचार आहेत.

वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो. नमुना घरी घेतल्यास लॅबने दिलेल्या डबीतच घ्यावा, डबी शर्टाच्या आत अंगालगत धरावी आणि तासाभराच्या आत पोहोचवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा आहे, पण आकडा त्याखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असा अर्थ नाही. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नये. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या महागड्या गोळ्यांवर मात्र पैसे घालवण्यापूर्वी थांबावे, कारण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत या गोळ्यांनी पुरुषांच्या बाबतीत वीर्याची गुणवत्ता किंवा अपत्यप्राप्तीचे प्रमाण वाढले नाही. पत्नीच्या फॉलिक अ‍ॅसिडची गोष्ट निराळी. ते बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी गर्भधारणेच्या आधीपासून आवश्यक असते.

एक वर्ष नियमित प्रयत्न करूनही, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनी, मूल राहिले नाही तर तज्ज्ञांकडे जावे आणि पहिल्याच दिवशी केसपेपर दोघांच्या नावाने काढावा.