गाडी धुतल्यावर पांढरे डाग राहतात? या चुका टाळा

धुतलेल्या गाडीवर वाळल्यानंतर जे पांढरे ठिपके उठतात, ते मळाचे नसतात, पाण्याचेच असतात. गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीभोवती जो क्षार साठतो, तोच हा. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतं. थेंबाच्या कडेला ते जास्त जमतं, म्हणून डागाला कड असते आणि मधे फिकट. मग लोक काय करतात, तर शॅम्पू बदलतात, जास्त फेस करतात, दोनदा घासतात. त्यानं काही फरक पडत नाही. धुण्याचं काम कितीही चांगलं झालं तरी शेवटचं पाणी कुठलं होतं आणि ते गाडीवर वाळू दिलं की नाही, यावरच सगळं ठरतं.

पाणी न बघता धुवायला बसणं

शहरातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये पार्किंगच्या नळाला बोअरचं पाणी असतं. पालिकेचं पाणी वर टाकीत, खाली बोअर. उन्हाळ्यात टँकर, आणि तो कुठल्या विहिरीवरून भरून आला हे कुणी विचारत नाही. त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाची गाडी चकाचक वाळते आणि तुमची ठिपकेदार, यात हाताचा दोष असतोच असं नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. काहीशे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो, तो पाण्यात बुडवून आकडा बघा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्याच्या निकषात बसणारं पाणीसुद्धा गाडीवर डाग पाडू शकतं. हिशोब सोपा आहे: ६०० टीडीएसचं अर्धा लिटर पाणी गाडीवर वाळलं, तर जवळपास ३०० मिलिग्रॅम क्षार पत्र्यावर आणि काचांवर बसतो. काळ्या बॉनेटवर तेवढं दिसायला पुरेसं आहे. पांढऱ्या गाडीवर तो दिसत नाही इतकंच. हात फिरवला की खरखर लागते.

सोसायटीत सॉफ्टनर प्लांट बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. डाग पडतातच, पण ओल्या फडक्यानं निघतात. हा फायदा कमी नाही, फक्त 'सॉफ्ट पाणी म्हणजे डाग नाहीत' हे खरं नाही.

आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरणं

पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं घरोघरी होणारी चूक. फिल्टरच्या बारीक नळीतून येणारं पाणी बादलीत साठवायचं आणि त्यानं गाडी धुवायची. पण आरओनं तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेला क्षार गेला कुठे? त्याच बादलीत. ६०० टीडीएसचं ४ लिटर पाणी मशीनमध्ये गेलं, त्यातलं १ लिटर पिण्याचं निघालं, तर उरलेल्या ३ लिटरचा टीडीएस पावणेआठशे-आठशेच्या घरात जातो. हे पाणी फेकू नका. चाकं, मडगार्डच्या आतली माती, पायातले रबरी मॅट यांना ते उत्तम. सुरुवातीला चिखल सुटा करायलाही चालेल. शेवटचा हात मात्र त्याचा नको.

विदर्भात हीच गंमत कूलरच्या पाण्याची. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरच्या टाकीतलं शिळं पाणी गाडीवर ओतणारे बरेच आहेत. टाकीतलं पाणी दिवसभर उडत राहतं, क्षार साठत जातो. वाळ्याच्या ताट्यांवर जमणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा.

याच्या उलट, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत एक एसी रात्रभरात चांगली बादलीभर पाणी देतो. ते पिऊ नये, त्यात धूळ-बुरशी असते; पण जुन्या सुती कापडातून गाळून घेतलं तर गाडीवरच्या शेवटच्या पाण्यासाठी घरात याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. एसी नसेल तर आरओचं पिण्याचं पाणी घ्या. छोट्या गाडीला ५ ते ७ लिटर पुरतं, कारण ते धुवायला नसून बोअरचं पाणी गाडीवरून हटवायला असतं. बागेतल्या फवारणीच्या हातपंपात भरून मारलं तर आणखी कमी लागतं. पंप नवाच घ्या, झाडांवर औषध मारलेला नको.

तापलेल्या गाडीवर पाणी मारणं

बाहेरून आलात, बॉनेट तापलेलं आहे, आणि नळाला पाणी आहे म्हणून लगेच पाइप धरला. फडका हातात घेईपर्यंत अर्धं पाणी वाळलेलं असतं, वर शॅम्पूही तिथेच सुकतो. हाताची उलटी बाजू बॉनेटवर टेकवा. चटका जाणवला तर थांबा. इंजिनाची ऊब जायला अर्धा-पाऊण तास लागतो. सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत. उघड्या पार्किंगमध्ये सावलीच नसेल तर एकदम सगळी गाडी ओली करायची नाही. टप धुवा, पुसा, मग बॉनेट, मग एकेक बाजू.

भर उन्हात पडलेले डाग नुसते वर बसत नाहीत. थेंब आटत जातो तसा त्यातला क्षार घट्ट होत जातो, आणि तापलेल्या रंगावर तो आपली खूण कोरू शकतो. असा डाग पुढे धुण्यानं जात नाही.

कपड्याचा साबण, भांड्याचं लिक्विड

साध्या साबणाची क्षाराच्या पाण्याशी गाठ पडली की दह्यासारखा पांढरट गाळ तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, गाडीवर धुरकट थर होऊन बसतो. डिटर्जंट पावडर आणि भांड्याचं लिक्विड असा गाळ करत नाहीत, पण रंगावरचं वॅक्स उतरवतात. कार शॅम्पू वापरा, बाटलीवर लिहिलंय तेवढाच. दुप्पट टाकला की धुवायला दुप्पट पाणी लागतं आणि कुठेतरी तो राहतोच.

शेवटच्या पाण्याची घाई

इथे थोडा वेळ द्या, कारण निम्मे डाग इथेच वाचतात.

बहुतेक जण शेवटी पाइपच्या तोंडावर अंगठा धरून जोराचा फवारा मारतात. त्यानं गाडीभर बारीक थेंब उडतात आणि प्रत्येक थेंब एक डाग होतो. त्याऐवजी पाइपचं नोझल काढा, पाणी बारीक-मध्यम धारेनं सोडा, पाइपचं तोंड टपाच्या अगदी जवळ धरून हळूहळू फिरवा. पाणी एकसंध पडद्यासारखं खाली घसरतं आणि जाताना वरचे थेंब सोबत घेऊन जातं. बॉनेटवर मधून कडेकडे, दारांवर वरून खाली. हे नीट जमलं की पुसायला फार थोडं पाणी उरतं. पाइप नसेल तर मगानंही होतं: मग पत्र्याला जवळजवळ टेकवून ओता, लांबून फेकू नका.

त्यावर आरओचं पिण्याचं किंवा एसीचं पाणी एकदा फिरवा आणि लगेच पुसायला घ्या. 'वाळू दे आपोआप, नंतर फडका मारू' म्हटलं की आतापर्यंतची मेहनत गेली.

जुना बनियन

घरात बाद झालेला बनियन गाडीला जातो, ही आपल्याकडची रीतच आहे. तो पाणी शोषतो कमी, इकडून तिकडे पसरवतो जास्त, आणि शिवणीची कड रंगावर बारीक रेघा ओढते. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्या, दोन घ्या. पहिल्यानं पाणी टिपायचं: टॉवेल पसरून पत्र्यावर ठेवा, दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढा, घासू नका. दुसऱ्या कोरड्यानं राहिलेली ओल घ्या. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद. एक वाळूचा कण पुरतो.

मायक्रोफायबर धुताना कपड्याचा कंडिशनर अजिबात टाकू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी पिणं बंद करतो. नवा टॉवेल महिन्याभरात 'खराब' निघाल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं.

रोज सकाळी सोसायटीत गाड्या पुसायला येणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी त्याच्या बादलीत डोकावून बघा. एका बादलीत, एका फडक्यानं दहा-बारा गाड्या. शेवटच्या गाडीपर्यंत ते पाणी गढूळ झालेलं असतं, आणि ओल्या फडक्याचे पट्टे काचेवर तसेच वाळतात. त्याला तुमच्या गाडीपुरते दोन टॉवेल देऊन ठेवा, आणि रोज ओला फडका मारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुवायला सांगा. पैसे तेच द्या.

लपलेलं पाणी विसरणं

गाडी कोरडी करून वर आलात, संध्याकाळी बघता तर आरशाखालून दारावर पांढरी ओघळ. आरशाचं घर, दाराचं हँडल, मागचे दिवे, नंबर प्लेट, पेट्रोलचं झाकण, काचेच्या खालची रबरपट्टी, इथे पाणी दडून बसतं आणि सावकाश ठिबकतं. पुसून झालं की चारही दारं आणि डिकी उघडून कडा पुसा. मग आवारात एक चक्कर मारा, ब्रेक दोन-तीनदा हलके दाबा. डिस्कवरचंही पाणी जाईल. परत येऊन जिथे थेंब दिसतील तिथे कोरडा टॉवेल फिरवा. कव्हर घालायचं ते यानंतर. ओल्या गाडीवर कव्हर घातलं की ओल आतच कोंडते.

'कोटिंग केलंय, आता चिंता नाही'

हा समज महागात पडतो. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंगवर पाण्याचे टपोरे गोल थेंब होतात, दिसायला छान. पण ते तसेच वाळू दिले तर प्रत्येक थेंब आपल्या जागी क्षार सोडून जातो. कोटिंगचा खरा फायदा हा की पाणी पटकन घसरतं, पुसायला सोपं जातं आणि डाग लवकर निघतात. पुसण्यापासून सुट्टी त्यानंही मिळत नाही.

डाग पडलेच असतील तर

आधी डाग कुठल्या जातीचा ते ओळखा. ओल्या फडक्यानं पुसल्यावर गेला आणि परत आला नाही, तर तो वरवरचा होता. ओला असताना दिसेनासा होतो आणि वाळल्यावर पुन्हा तिथेच उमटतो, तर क्षार चिकटलेला आहे. नखानं अलगद चाचपून बघा: उंचवटा लागला तर क्षार, खोलगट लागलं तर रंगावर खूण पडली आहे. डाग नाहीतच, पण सगळी गाडी धुरकट दिसते? मग शॅम्पू नीट धुतला गेला नाही किंवा टॉवेल मळका होता. पुन्हा साध्या पाण्यानं धुवून पुसा, एवढंच.

चिकटलेल्या क्षाराला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर चालतं. तेवढंच आरओचं पिण्याचं पाणी मिसळा. गाडी थंड आणि सावलीत हवी, आधी धुतलेली हवी. आतल्या, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. फडका भिजवून डागावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा, अलगद पुसा, भरपूर पाण्यानं धुवा, कोरडं करा. जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय तिथे लावू नका. गाडीवर फिल्म किंवा कोटिंग असेल तर ज्यानं ते केलंय त्याला आधी विचारा.

व्हिनेगरनं न गेलेला डाग पॉलिशनं जातो, पण पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर थोडासा घासून काढणं. तो थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका असतो, आणि दरवेळी कमी होत जातो. वर्षभर डाग पाडायचे आणि दिवाळीला पॉलिश करून घ्यायचं हा क्रम फार वर्षं चालत नाही.

टॉयलेट किंवा फरशी साफ करायचं ॲसिड गाडीला लावू नका. 'एका मिनिटात डाग गायब' म्हणून ते सुचवणारे लोक भेटतात. डाग जातो, पाठोपाठ क्रोमची चमक जाते, कुठे पत्रा उघडा असेल तिथे गंज धरतो. टूथपेस्टनं बारीक ओरखडे पडतात. रॉकेल-डिझेलचा फडका दोन दिवस चकाकी देतो, मग त्या तेलकटपणावर सगळी धूळ येऊन बसते आणि रबर खराब होतं ते वेगळंच.

काचेवरचे डाग जास्त हट्टी असतात, कारण तिथे सिलिकाही (वाळूत असते ती) बसते आणि ती व्हिनेगरला दाद देत नाही. त्यासाठी सेरियम ऑक्साइडचं काचेचं पॉलिश मिळतं, ते हातानं, थोड्या थोड्या जागेवर लावा. त्याआधी वायपरचं रबर पुसून घ्या. बरेचदा काचेवरची अर्धगोल पांढरी रेघ त्या रबरावर जमलेल्या क्षाराचीच असते.

आणि एक डाग असा, जो धुण्यानं पडतच नाही. बेसमेंटमध्ये गाडी लावता, गाडी धुतलेली नाही, तरी टपावर किंवा बॉनेटवर एकाच जागी खडूसारखे घट्ट पांढरे ओघळ. वर बघा, स्लॅबला किंवा पाइपाशेजारी ओल असेल. काँक्रीटमधून झिरपताना पाणी त्यातला चुना सोबत आणतं, आणि ते इतकं अल्कधर्मी असतं की काही दिवसांत रंगावर खूण उमटवतं. दिसलं त्याच दिवशी वर सांगितलेला व्हिनेगरचा उपाय करा, खरवडू नका. गाडी दोन फूट सरकवून लावा, स्लॅबचा फोटो काढून सोसायटीच्या कमिटीला लेखी द्या आणि वॉटरप्रूफिंगचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घ्यायला लावा.