स्केल मॉडेलसाठी घरच्या घरी पितळी फोटो-एच भाग कसे तयार करावेत

१:३५० प्रमाणाच्या युद्धनौकेवरील एक मीटर उंचीचा कठडा मॉडेलमध्ये जेमतेम २.९ मिलिमीटर उंच भरतो आणि त्याचा ३५ मिलिमीटर जाडीचा दांडा ०.१ मिलिमीटरवर येतो. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकला इतकी बारीक जाडी पेलत नाही, म्हणून कठडे, शिड्या, जाळ्या, रडारचे सांगाडे आणि विमानाच्या आसनाचे पट्टे पातळ पितळातून रसायनाने कोरून काढतात; यांनाच फोटो-एच भाग म्हणतात. ही पद्धत घरी वापरता येते. नवख्या माणसाचे सगळे लक्ष कोरणाऱ्या रसायनाकडे लागलेले असते. प्रत्यक्षात भाग चांगला उतरणार की नाही, हे बहुतांशी रेखाटनात आणि प्रकाश देण्याच्या टप्प्यातच ठरून जाते.

०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा बहुतेक कामांना पुरतो, सुरुवातीला ०.१५ मिलिमीटरचा घ्यावा, कारण तो हाताळताना सहसा चुरगळत नाही आणि तरीही सहज वाकतो. रेखाटन संगणकावर व्हेक्टर स्वरूपात करावे आणि त्याचे पुढच्या व मागच्या बाजूसाठी दोन स्वतंत्र थर ठेवावेत. घरगुती कामात वापरली जाणारी ड्राय फिल्म (पत्र्यावर बसवायचा, रसायनापासून वाचवणारा प्रकाशसंवेदी पातळ थर) निगेटिव्ह प्रकारची असते, म्हणजे जिथे अतिनील प्रकाश पडतो तिथे ती घट्ट होऊन टिकते. त्यामुळे पारदर्शक फिल्मवर जिथे धातू राहायला हवा तो भाग कोरा आणि जिथे धातू जायला हवा तो भाग काळा छापायचा असतो. दोन्ही बाजूंना काळे असेल तिथे पत्रा आरपार जातो. एकाच बाजूला काळे असेल तिथे तो सुमारे निम्म्या जाडीपर्यंत खोल जातो. या अर्धवट कोरणीतूनच रिव्हेटच्या ओळी, दारांच्या चौकटी आणि घडीच्या रेषा मिळतात. घडीची रेषा नेहमी घडीच्या आतल्या बाजूला घ्यावी आणि काटकोनी घडीसाठी तिची रुंदी साधारण पत्र्याच्या जाडीएवढी ठेवावी.

रसायन फक्त खाली जात नाही, ते रेझिस्टच्या, म्हणजे पत्र्यावर टिकलेल्या ड्राय फिल्मच्या, कडेखाली आडवेही पसरते. ०.१५ मिलिमीटरचा पत्रा दोन्ही बाजूंनी कोरला, तर प्रत्येक बाजूने ०.०७५ मिलिमीटर खोली होते आणि आडवी झीज ढोबळमानाने त्याच्या निम्मी, म्हणजे प्रत्येक कडेला ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर धरावी लागते. याचा अर्थ असा की ०.१५ मिलिमीटर रुंद रेखाटलेला दांडा बाहेर येईपर्यंत जवळजवळ निम्माच उरतो. म्हणून प्रत्येक भागाची बाह्यरेषा तेवढी जाड रेखाटावी, छिद्रे तेवढी लहान घ्यावीत आणि पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान छिद्राचा किंवा फटीचा आग्रह धरू नये. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भागांमधली मोकळी जागा सरसकट काळी करू नये. प्रत्येक भागाभोवती एकसारख्या रुंदीची फट ठेवून बाकीचा पत्रा चौकट म्हणून तसाच राहू द्यावा. रुंद मोकळी जागा लवकर खाल्ली जाते आणि अरुंद फट मागे रेंगाळते, त्यामुळे फटी सारख्या असल्या म्हणजे सगळे भाग एकाच वेळी तयार होतात आणि रसायनही कमी खर्ची पडते. भाग चौकटीला ०.२ ते ०.३ मिलिमीटर रुंदीच्या लहान जोडांनी धरून ठेवावेत आणि हे जोड नंतर घासता येतील अशा सरळ कडेवर द्यावेत.

छपाई लेझर प्रिंटरवर पारदर्शक फिल्मवर, किमान १२०० डीपीआयने करावी. एका छपाईचा काळा रंग प्रकाशासमोर धरल्यावर बहुधा विरळ दिसतो, तेव्हा दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवाव्यात. आकृती अशी उलटी छापावी की शाईची बाजू थेट रेझिस्टला टेकेल, अन्यथा फिल्मच्या जाडीमुळे कडा पसरट होतात. पुढची आणि मागची फिल्म दिव्याच्या काचेवर जुळवून, मध्ये त्याच जाडीच्या पितळाच्या पट्ट्या ठेवून दोन कडांना चिकटवली की एक पाकीट तयार होते आणि त्यात पत्रा सरकवला की दोन्ही बाजू जुळलेल्या राहतात.

पत्रा बारीक पॉलिशपेपरने हलका घासून भांड्यांच्या साबणाने धुवावा आणि त्यावर पाणी सोडून पाहावे. पाण्याचा थेंबाथेंबांत न फुटणारा सलग थर बसला, तर पत्रा स्वच्छ आहे असे समजावे. येथून पुढे पत्रा फक्त कडांना धरावा. पिवळ्या दिव्याच्या उजेडात ड्राय फिल्मचा आतला मऊ थर सोलून ती दोन्ही बाजूंना बसवावी आणि सुमारे १०० ते ११० अंश सेल्सिअस तापलेल्या लॅमिनेटरमधून पत्रा काढावा. बुडबुडा राहिला, तर ती फिल्म काढून पुन्हा लावणेच शहाणपणाचे ठरते.

प्रकाश किती वेळ द्यायचा, हे दिव्याच्या शक्तीवर आणि अंतरावर अवलंबून असल्याने दुसऱ्याची वेळ आपल्याला लागू पडत नाही. एका तुकड्यावर पुठ्ठा टप्प्याटप्प्याने सरकवत वाढत्या वेळांच्या पट्ट्या घ्याव्यात आणि ज्या पट्टीत बारीक रेषा स्वच्छ धुतल्या जातात व रेझिस्ट घट्ट राहतो, ती वेळ नोंदवून ठेवावी. पाकीट काचेखाली दाबून दोन्ही बाजूंना हाच प्रकाश द्यावा.

त्यानंतर वरचे चकचकीत आवरण काढून पत्रा धुण्याच्या सोड्याच्या १ टक्का द्रावणात, म्हणजे एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, कोमट अवस्थेत मऊ स्पंजने हळुवार फिरवत धुवावा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या फटीतही रेझिस्टचा अदृश्य पापुद्रा राहतो. म्हणून पत्रा काही क्षण कोरणाऱ्या द्रावणात बुडवून पाण्याने धुवावा. उघडे पितळ लगेच निस्तेज होते, आणि जिथे चमक तशीच राहील तिथे धुणे अपुरे झाले आहे असे समजावे.

कोरण्यासाठी फेरिक क्लोराईडचे द्रावण ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट करून प्लास्टिकच्या किंवा काचेच्या उभट भांड्यात घ्यावे. चष्मा, नायट्राइल हातमोजे आणि खेळती हवा यांत सूट नाही. घन फेरिक क्लोराईड पाण्यात थोडे थोडे टाकावे, कारण ते विरघळताना बरीच उष्णता निघते. ॲल्युमिनियमशी ते उग्रपणे अभिक्रिया करते, म्हणून ॲल्युमिनियमचे भांडे किंवा चिमटा जवळही नसावा, आणि त्याच्या वाफेने लोखंडी अवजारे गंजत असल्याने ती वेगळ्या खोलीत ठेवलेली बरी. पत्रा उभा टांगून मत्स्यपेटीच्या हवेच्या पंपाने द्रावण ढवळत ठेवावे आणि दर काही मिनिटांनी पत्र्याची वरची बाजू खाली करावी.

पत्रा धुऊन दिव्यासमोर धरला की आधी एखाद्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसतो, मग तो फटीच्या कडेने धाग्यासारखा लांबत जातो. येथून पुढे दर मिनिटाला पाहावे. बहुतेक फटी मोकळ्या होऊन शेवटचे एकदोन कोपरे उरले, की काढण्याची वेळ झाली. त्या कोपऱ्यांसाठी थांबल्यास बारीक दांडे नाहीसे होतात, आणि ते कोपरे पातीने सहज सुटतात. पत्रा लगेच भरपूर पाण्याने व नंतर खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने धुवावा. उरलेला रेझिस्ट ३ टक्के कॉस्टिक सोड्यात सोलून निघतो; येथेही हातमोजे आणि चष्मा हवाच.

वापरलेल्या द्रावणात विरघळलेले तांबे आणि जस्त असते आणि तांबे जलचरांना घातक असते, त्यामुळे ते गटारात ओतू नये. ते बंद प्लास्टिकच्या डब्यात नाव लिहून ठेवावे आणि घातक रासायनिक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यावे. वेग मंदावेपर्यंत तेच द्रावण पुन्हा वापरता येते.

भाग कापताना चौकट काचेच्या तुकड्यावर किंवा फरशीवर ठेवून नवी पाती जोडावर सरळ खाली दाबावी. मऊ चटईवर कापल्यास भागाची कड वाकते. वक्र भाग हवे असतील, तर पितळ ज्योतीवर तापवून थंड होऊ द्यावे म्हणजे ते मऊ पडते. घडी दोन पोलादी पट्ट्यांमध्ये धरून एकाच दिशेने, एकदाच घालावी, कारण मागेपुढे केलेली घडी रेषेवर तुटते. लांब सांध्यांना डाग देणे (सोल्डरिंग) मला अधिक पसंत आहे. लहान तपशिलांना सुपरग्लूचा थेंब पुरतो. रंगाआधी भाग ॲसिटोनने पुसून धातूला धरणारे प्रायमर द्यावे, नाहीतर मास्किंग टेप काढताना रंग सोलून येतो.