गारपिटीनंतरचे पंधरा दिवस: बाग आणि घरातली माणसं कशी सावरायची

26 नोव्हेंबर 2023, रविवार. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातली आमची अडीच एकर द्राक्षाची बाग, जात थॉमसन. छाटणी 8 ऑक्टोबरची, म्हणजे बाग 49 दिवसांची आणि मणी ज्वारीएवढे. पंधरा-वीस मिनिटं गारा पडल्या. थांबल्या तेव्हा मांडवाखाली पानांचा आणि घडांचा हिरवा चिखल झाला होता. तोवर एकरी पावणेदोन लाख खर्च होऊन बसला होता.

पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही काय केलं, ते लिहिते आहे. गारपीट परत होणार नाही असं कुणी सांगू शकत नाही, आणि त्या रात्री कुणालाच काही सुचत नसतं.

अंगात त्या रात्री फार ताकद येते. खोटं वाटेल, पण येते. झोप लागत नाही, हात थरथरतात, काहीतरी करून टाकावंसं वाटतं. आमचे भाऊजी रात्री नऊला कोयता घेऊन निघाले होते, म्हणाले, "वहिनी, सगळी बाग तोडून टाकतो, बघवत नाही." मी दारात उभी राहिले. म्हटलं, तोडायचीच असेल तर पाच दिवसांनी तोडू, पण मोजल्याशिवाय नाही. ही जी ताकद असते ना, ती दोन-तीन दिवसच टिकते. फोनवर पन्नास जणांना तेच तेच सांगण्यात, व्यापाऱ्यावर आणि सरकारवर चिडण्यात ती गेली, की चौथ्या दिवशी माणूस खाटेवरून उठत नाही. म्हणून पहिल्या रात्री दोनच कामं करा. गरम जेवा आणि मोबाइल चार्जिंगला लावा. पिठलं-भाकरी झाली तरी चालेल, पण सगळ्यांनी एकत्र बसून खा. आमच्या सासूबाईंनी त्या रात्री प्रत्येकाच्या ताटाशी बसून खायला लावलं.

सकाळी बागेत पाय ठेवण्याआधी फोटो काढा. एक लांबून, मांडव दिसेल असा, आणि बाकीचे जवळून, फुटलेला घड आणि उरल्या असतील तर जमिनीवरच्या गारा दिसतील असे. तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटू द्या. फळपीक विम्यात गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर 72 तासांच्या आत कळवावं लागतं. हे तास गार पडल्यापासून मोजायचे. कळवल्याचा नंबर मिळतो, तो वहीत लिहा. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनाम्याला येतील तेव्हा घरातलं एक माणूस बागेत हवंच. सरकारी मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावं लागतं, त्यामुळं रस्त्याकडच्या चार ओळी पाहून आकडा लिहिला जात असेल तर हात जोडून आतपर्यंत घेऊन जा. या कागदांचं काम घरातल्या एकाच्याच अंगावर द्या. आमच्याकडं ते मी घेतलं, कारण ह्यांना कुणाशी बोलायचीच इच्छा नव्हती.

आता बाग. वाफसा नसताना, म्हणजे जमिनीत ओल जास्त असताना ट्रॅक्टर आत घालू नका, चाकोरीत मुळं दाबली जातात. आम्ही दोन दिवस एचटीपी पंपाची (जास्त दाबानं फवारणारा पंप) नळी ओढून फवारलं. ओल्या पानांवर आणि घडांवर डाऊनी हा बुरशीसारखा रोग वाढतो, उघड्या जखमांतून कुजही शिरते, म्हणून पहिलं बुरशीनाशक लांबवू नका. कुठलं आणि किती, ते बागेच्या वयावर ठरतं, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला बघून घ्या. त्या आठवड्यात दुकानदार चार-पाच टॉनिकच्या बाटल्या उधारीवर पुढं करतात. "ताई, ताकद येईल बागेला." नका घेऊ. घाबरलेल्या माणसाची उधारी सगळ्यात लवकर वाढते.

मग मोजणी. ह्याच कामानं आमचं घर सावरलं असं मी मानते. बागेत वेगवेगळ्या ठिकाणची वीस झाडं निवडा, त्यांना रिबीन बांधा, वहीत नंबर घाला. प्रत्येक झाडावर चांगले घड किती, अर्धे किती, गेलेले किती, ते लिहा. भाऊजी मोजत होते, मी लिहीत होते. गारा उत्तरेकडून आल्या होत्या. सातव्या झाडाची त्या बाजूची एक काडी मी हातात धरली. साल लांबट सोलली होती, खाली पांढरट ओलं लाकूड, आणि कडेला रस सुकून तांबूस झाला होता. पण त्याच काडीच्या दक्षिण बाजूला साल अखंड होती, आणि पानाच्या बगलेत डोळा फुगलेला होता. भाऊजींनी तो नखानं हळूच दाबून बघितला. ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट बोलले, "ही फुटंल वहिनी."

गारपिटीआधी आमच्या झाडावर सरासरी 38 घड होते. वीस झाडांची सरासरी निघाली 11. वाईटच होतं, पण पहिल्या रात्री आम्ही शून्य धरून बसलो होतो.

पाचव्या दिवशी ठरवायला बसलो. फुटके घड काढून बांधाबाहेर न्यायचे, कुजायला मांडवाखाली ठेवायचे नाहीत. मोडलेला शेंडा निरोगी डोळ्यापर्यंत मागं घ्यायचा. आणि पानाच्या बगलेतून येणारी बगलफूट एरवी आपण खुडतो, ती यंदा राखायची. ह्याचं कारण नीट समजून घ्या. वेल आपलं अन्न पानांत बनवते आणि खोडात, ओलांड्यात (मांडवावरच्या आडव्या जाड फांद्यांत), मुळांत साठवते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (तेव्हा जुन्या काड्या आखूड कापतात) नवी फूट येते ती ह्याच साठ्यावर, आणि त्या फुटीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. यंदा माल नाही म्हणून पाणी तोडलं, पानं भुरी रोगाला सोडून दिली, तर नुकसान दोन वर्षांचं होतं. म्हणून माल कमी असला तरी पान जपा. खर्च मात्र आम्ही निम्म्यावर आणला. नत्राचा मारा केला नाही, ड्रिप थोडं थोडं पण रोज.

माणसांनाही तेच लागतं, रोजचं थोडं काम. सकाळी आठ ते अकरा दोन ओळी, चार ते सहा एक ओळ. अडीच एकराकडं एकदम बघितलं की छाती दडपते. ठरलेल्या ओळी झाल्या की बाहेर या, जास्त करू नका. संध्याकाळी किती झालं ते वहीत लिहा. कर्जाचा विषय रात्री काढायचा नाही, हा नियम सासूबाईंनी घातला. सोसायटीचं, दुकानाचं, हातउसनं, सगळं रविवारी सकाळी उजेडात बसून एकाच पानावर लिहिलं. लिहिल्यावर आकडा लहान झाला नाही, पण रात्रीचं कुजबुजणं थांबलं.

एक गोष्ट मात्र लाजून लपवू नका. घरातला माणूस बोलायचा थांबला, जेवण टाळायला लागला, रात्री एकटा बागेकडं जायला लागला, तर फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लावा आणि किल्ली शेजारच्या घरी ठेवा. मी ठेवली होती. त्याला एकटं सोडू नका. "टेन्शन घेऊ नको" म्हणून काही होत नाही, शेजारी बसून राहा. सरळ विचारा, "जिवाचं काही मनात येतंय का?" विचारल्यानं ते वाढत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलतात, रात्रीसुद्धा. ह्यांच्या मोबाइलमध्ये तो मी सेव्ह केला आणि तसं त्यांना सांगितलंही.

मार्चमध्ये जो माल निघाला तो लोकल बाजारात गेला. खर्चही सगळा फिटला नाही, सोसायटीचं कर्ज आम्ही पुढं ढकलून घेतलं. एप्रिलला खरड छाटणी वेळेवर केली. जखमी काड्या काढल्या, उत्तरेकडच्या झाडांना ओलांड्यावर जागा भरायला फूट राखली. ऑक्टोबर 2024 च्या छाटणीनंतर भाऊजी तीच वही घेऊन आले. रिबिनी ऊन-पावसानं पांढऱ्या पडल्या होत्या, पण वीसही झाडं सापडली. सरासरी 34 घड. सातव्या झाडावर 36.