फिजिओथेरपीकडे वळायचे असेल तर दहावीनंतरच पाहावे

गडचिरोली-यवतमाळकडील ज्या विद्यार्थ्याला फिजिओथेरपिस्ट व्हायचे आहे, त्याने अकरावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र सोडू नये. कारण महाराष्ट्रात बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) या पदवीचा प्रवेश ‘नीट’ या जीवशास्त्राचा समावेश असलेल्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, राज्य सीईटी कक्षामार्फत (प्रवेशप्रक्रिया चालवणारे राज्याचे कार्यालय) होतो. पसंतीक्रमात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासक्रम वर ठेवावा, कारण शुल्क कमी आणि रुग्ण भरपूर. खासगी महाविद्यालय निवडताना मात्र इमारतीपेक्षा त्याला जोडलेले रुग्णालय पाहावे (माहितीपत्रकातली छायाचित्रे देखणीच असतात). तालुक्याच्या गावी चालणारे काही महिन्यांचे प्रमाणपत्र वर्ग या पदवीला पर्याय नाहीत. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच तयार ठेवावा, कारण पडताळणीला वेळ लागतो.