मे महिन्यात स्टिंगरेची टाकी थंड ठेवताना

भुसावळचा उन्हाळा म्हणजे पारा सहज ४४-४५वर. आमच्याकडे मोटोरो स्टिंगरे (गोड्या पाण्यातला चपटा मासा) आणि अरोवाना (लांबट, मोठा मासा) एकाच मोठ्या टाकीत. दोघांना २६ ते २९ अंश मानवतं आणि दुपारी पाणी ३४ला टेकलेलं. स्टिंगरे वाळूवर पसरून पडलेला, डोळ्यांमागच्या श्वास घ्यायच्या भोकांची नुसती धडपड चाललेली. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, वर माशांच्या घाणीतून होणारा अमोनियाही जास्त बाधतो. टाकीत बर्फाच्या बाटल्या टाका, असं सगळेच सांगतात. मला ते पटत नाही, तापमान सारखं खालीवर होतं.

काचेचं झाकण काढून जाळी घट्ट बांधली (अरोवाना उडी मारतोच) आणि छोटे पंखे पाण्यावर तिरके लावले. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखंच काम झालं. पाणी ३०च्या खाली आलं. मात्र रोज बोटभर पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात. म्हणून भर घालायला बोअरचं नाही, आरओचं पाणी. घाण कमी व्हावी म्हणून माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. एअर पंप इन्व्हर्टरवर घेतला, लाइट कधी जाईल नेम नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा फारसा उपयोग नाही, पण तेव्हा एवढी गरजही नसते.