साताऱ्याच्या थंडीत वीजबिल कसं उतरवावं: सुरुवात न्हाणीघरापासून

नोव्हेंबर लागला की पहाटेचा गारठा अजिंक्यताऱ्यावरून थेट आमच्या न्हाणीघरात उतरतो. पुढच्या महिन्यात बिल हातात पडतं तेव्हा घरात एकच वाक्य ऐकू येतं, "दिवे बंद करत जा रे!" दिवे बंद करावेतच. पण एलईडी दिव्यांमुळे बिल एवढं फुगत नाही. ते कशामुळे फुगतं हे आधी शोधायचं, मग हात घालायचा.

आधी बिल उलटून वाचा

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो: 1 ते 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्याच्या जवळपास दुप्पट महाग पडतं. म्हणजे महिन्याला 130 युनिट जाळणाऱ्या घराला शेवटची 30 युनिटंच जास्त टोचतात, आणि बचत केली की तीच आधी गळतात. वर 16 टक्के वीज शुल्क असतं, तेही त्या प्रमाणात उतरतं. स्थिर आकार मात्र जागचा हलत नाही, त्याच्यामागे डोकं शिणवू नका. 1,960 मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाचं कोयना धरण आपल्याच जिल्ह्यात असलं, तरी दर आपल्यालाही तोच लागतो.

आठवडाभर मीटरशी मैत्री करा

रोज सकाळी एकाच वेळी मीटरवरचा आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. सात दिवसांत रोजचा खप कळतो. मग एखादं उपकरण तपासायचं असेल तर बाकी सगळं बंद करून फक्त तेच चालू ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर 3200 इम्पल्स असं छापलेलं असेल तर 3200 वेळा लुकलुकलं की एक युनिट होतं. मिनिटाला 8 वेळा म्हणजे साधारण 150 वॅट. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे काम द्या, ती मनापासून करतात.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफाय, इन्व्हर्टर यांतलं काहीतरी चालू असतं. यांतलं काहीच चालू नसेल तर वायरमनला बोलवा, गळती असू शकते.

आता खरा मुद्दा, गरम पाणी

हिशेब मांडून बघा. नळाचं पाणी 20 अंशांचं धरलं, तर 20 लिटरची बादली 40 अंशांपर्यंत तापवायला जवळपास अर्धं युनिट लागतं. घरात चार माणसं म्हणजे रोजची दोन युनिटं, महिन्याची साठ. पहिल्या शंभरातली साठ युनिटं नुसत्या अंघोळीत गेली! आणि गिझर दिवसभर चालू राहिला तर टाकीतली उष्णता झिरपत राहते, ती भरून काढायला तो पुन्हा पुन्हा पेटतो.

म्हणून एवढं करा:

- 2000 वॅटच्या, 15 लिटरच्या गिझरला टाकीभर पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला वीसेक मिनिटं पुरतात. अंघोळीच्या आधी लावा आणि काम झालं की बटण बंद करा.
- थर्मोस्टॅट अगदी वरच्या खुणेला ठेवू नका. कढत पाणी काढून त्यात गार ओतायचं, म्हणजे आधी जास्त तापवायचं आणि त्या तापलेल्या टाकीतून उष्णता गमावायची.
- सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकाव्यात.
- शॉवरपेक्षा बादली बरी, पाणी किती घेतलं ते डोळ्यांना दिसतं.

गच्ची स्वतःची असेल तर सोलर हीटर बसवा, माझं मत ठाम आहे. दोन-तीन माणसांना 100 लिटरची टाकी पुरते. जुलै-ऑगस्टच्या झडीत सूर्य दिसत नाही, तेव्हा विजेच्या कॉइलची सोय ठेवावी लागते. पण ज्या थंडीत बिल चढतं, तेव्हा आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं. पाणी बोअरचं असेल तर नळ्यांत क्षार धरतो, वर्षातून एकदा साफ करून घ्या.

पंखे, फ्रिज, मोटर

जुना पंखा 75 वॅटचा, रोज 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिटं घेतो. बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरचा) पंखा 30 वॅटच्या आसपास, म्हणजे 11 युनिटं. सगळे एकदम बदलायची गरज नाही; जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदला. चोकच्या जुन्या ट्यूबचंही तसंच. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि दाराचं रबर कागद धरून तपासा. दार लावल्यावर कागद सहज निघाला तर रबर सैल झालंय. टाकी भरून वाहीपर्यंत मोटर चालू राहणं हे आपल्या गल्लीगल्लीतलं दुखणं आहे. त्यावर फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं बटण, हा स्वस्त उपाय.

गॅस

तूरडाळ अर्धा तास भिजवा, मग लावा. कुकरला वाफ धरली की आच बारीक करा. मोठ्या आचेवर शिट्ट्या वाढतात, डाळ त्यानं लवकर शिजत नाही. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर घासा. आणि सिलिंडर लावला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर खडूनं लिहा, 14.2 किलो गॅस किती दिवस चालला हे मग अंदाजानं सांगावं लागत नाही.

छतावरची वीज शेवटी

छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा अधिक किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. 1 किलोवॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 4 युनिटं देतात. आधी वरचं सगळं करा, दोन-तीन बिलं बघा आणि मग पॅनेलचा आकार ठरवा. खप कमी झालेल्या घराला पॅनेलही कमी लागतात. कॅलेंडरवर लिहिलेले सकाळचे आकडे तोवर पुसू नका, ठेकेदारापुढे तेच ठेवायचे आहेत.