एकत्र कुटुंबावरील मालिका कशी लिहावी : विदर्भातील खेडे डोळ्यांसमोर ठेवून

मालिकेतील कुटुंब उभे करताना पात्रांची नावे ठरवण्याआधी त्या घराचा सातबारा लिहून काढावा. यवतमाळ जिल्ह्यातील एखादे घर कल्पावे : चौदा एकर कोरडवाहू जमीन, एक विहीर, वारलेल्या बापाचेच नाव अजून उताऱ्यावर, थोरला भाऊ शेती सांभाळणारा, मधला तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात कामाला, धाकटा पुण्याच्या कंपनीत, आणि बहीण उमरखेडकडे दिलेली. कोण कोणाला सोडून जाऊ शकत नाही, कोणाचा आवाज घरात चढा आहे आणि कोण गप्प राहते, यातले बरेचसे त्या एका कागदावरूनच समजते. धुरा म्हणजे शेताचा बांध कोणाच्या शेताला लागून आहे, पांदण म्हणजे गाडीवाट कोणाच्या वावरातून जाते आणि विहिरीतील पाण्याची पाळी कोणाची, हेही त्याच वेळी लिहून ठेवावे. पन्नासाव्या भागानंतर तेच कामाला येते.

त्यानंतर घराचा वर्षाचा हिशेब मांडावा. सहा एकरांत कपाशी आहे आणि एकरी पाच क्विंटल कापूस होतो असे धरले, तर घरात तीस क्विंटल माल येतो. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. त्या भावाने सारा कापूस गेला तर २,१३,६३० रुपये होतात. यातून किलोमागे दहा रुपयांप्रमाणे तीस हजारांची वेचाई जाते, शिवाय बियाणे, खत, फवारणी, डवरणी आणि निंदणाचा खर्च वेगळा. आता मधल्या भावाच्या मुलीची नर्सिंगची फी सोमवारपर्यंत भरायची आहे आणि शासकीय खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली आहे, एवढेच ठरवावे. थोरला म्हणतो थांबू, मधला म्हणतो दारात आलेल्या व्यापाऱ्याला खेडा खरेदीत देऊन टाकू. क्विंटलमागे चारशे रुपये सोडले तर बारा हजारांचे नुकसान होते, आणि न सोडले तर मुलीचे वर्ष जाते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, तरीही त्या रात्री एका ताटात जेवणारे दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी जेवायला बसतात. असा प्रसंग हाती असताना भरजरी साडी नेसून स्वयंपाकघरात कारस्थाने रचणारी जाऊ कशाला लागते, हे मला आजवर उमगलेले नाही.

कथेचे वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकावर बसवावे. मृगात पेरणी होते, पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीसाठी उसनवारी सुरू होते. पोळ्याला बैलांच्या आधी गड्याचा मान करावा लागतो. दसऱ्यानंतर वेचणीला बाया मिळत नाहीत. ३१ मार्चपूर्वी पीक कर्ज फिरवावे, म्हणजे जुने भरून नवे उचलावे लागते. पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, बदलतो. आणि लग्नसराईत सारा साठलेला राग मांडवात बाहेर पडतो. मी पहिल्यांदा लिहिलेल्या भागात श्रावणात कापूस वेचायला लावला होता. माझ्या मावशीने तो ऐकून फक्त एवढेच विचारले, "श्रावनात वेचाले काय हाय रे, निंदन तं होऊ दे!" मी ती पाने फाडून टाकली.

सणांपैकी महालक्ष्म्यांवर, म्हणजे इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्यांच्यावर, मात्र निवांतपणे थांबावे, कारण वेगळ्या झालेल्या घरांची खरी परीक्षा भाद्रपदातील त्या तीन दिवसांत होते. इतर वेळी कोणाची चूल कुठे पेटते याची चर्चा होत नाही. परंतु ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे एकच जोडी असतात आणि ते थोरल्याच्या लोखंडी पेटीत जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेले असतात. सोळा भाज्या, आंबील, पुरण असा दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक कोणाच्या शेगडीवर व्हायचा, हा प्रश्न उघडपणे कोणीच विचारत नाही. तो पुढीलप्रमाणे येऊ द्यावा. धाकटी सून ओसरीवर अंबाडीची पाने खुडत बसलेली आहे. थोरली जाऊ पेटीची किल्ली पदराच्या गाठीतून काढते आणि पुन्हा बांधते. धाकटी मान वर न करता विचारते, "आत्याबाई, औंदा महालक्ष्म्या कोनाच्या घरी बसतीन?" सासू म्हणते, "बसतीन तिथंच, जिथं आजवर बसल्या." त्यावर धाकटी म्हणते, "मंग आमी पाहुने म्हनून याचं काय?" यानंतर कोणीही बोलू नये. पाने खुडण्याचा आवाज ऐकू यावा आणि किल्लीच्या गाठीवर नजर राहावी. पार्श्वसंगीताची गरज नाही.

भाषेविषयी एक सूचना कठोरपणे पाळावी. वऱ्हाडी बोली नोकराला आणि विनोदी पात्राला द्यायची, व नायक-नायिकेने पुस्तकी मराठी बोलायची, ही पद्धत अपमानकारक आहे. "मले", "तुले", "काऊन" हे शब्द घरातल्या सर्वांत शहाण्या माणसाच्या तोंडी शोभले पाहिजेत. पुण्याहून आलेला धाकटा दारात पाय ठेवताच प्रमाण भाषेतून वऱ्हाडीत शिरतो आणि रागावला की पुन्हा प्रमाण भाषेत जातो, इतका बारकावा एका पात्रासाठी पुरतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या बाजूचे घर असेल तर झाडीबोली निराळी आहे आणि पीकही धानाचे आहे. तिथे कापसाची कथा नेऊन ठेवू नये. नाती नीट वापरावीत : सून सासऱ्याला मामाजी म्हणते, नवऱ्याच्या मोठ्या भावाचा उल्लेख भासरे असा करते व त्यांच्यासमोर पदर सावरते, आणि मुले थोरल्या काकूला मोठी माय म्हणतात.

शेतकरी आत्महत्येने पहिला भाग उघडण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. कथेच्या ओघात तसे घडलेच, तर दोर किंवा बाटली न दाखवता नंतरचे महिने लिहावेत : प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र याचा जिल्हास्तरीय समितीकडून निर्णय येईपर्यंतची वाट, बँकेतील उभे कर्ज, आणि वावराकडे पहिल्यांदा एकटी निघालेली बाई.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वगळता सुमारे बावीस मिनिटे उरतात आणि आठवड्याला सहा-सात भाग द्यावे लागतात, म्हणून कथा, पटकथा आणि संवाद सहसा वेगवेगळी माणसे लिहितात. प्रत्येक भागाचा आधी प्रवेशवार वनलायनर, म्हणजे प्रवेशामागे एका ओळीचा आराखडा, करावा, सात-आठ प्रवेशांपेक्षा अधिक घालू नयेत, आणि चित्रीकरणापूर्वी काही लिहून तयार भागांची बँक, म्हणजे साठा, हाताशी ठेवावी. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या 'हम लोग' मालिकेत भाग संपताना अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत असत. ते त्यांना शोभत असे, आपण उपदेश करू नये. लिहिलेले संवाद शक्य तर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील, नाटकांत काम करणाऱ्या एखाद्या नटाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात प्रेक्षक कुठे चुळबुळ करतो, हे त्याला आपल्याहून लवकर कळते.

शेवटी बहिणीचा प्रसंग. तो दीडशे भाग झाल्याशिवाय वापरू नये, आणि त्यासाठी कायदा पक्का माहीत असावा. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये केली होती, परंतु त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्या बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट उरली नाही, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. त्यामुळे बापाच्या जागी वारसांची नावे लावणाऱ्या वारस फेरफारात आई, तीन भाऊ आणि बहीण अशी पाच नावे चढतात, आणि बहिणीचे कमी करायचे तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. भाऊ तिला आणायला स्वतः जातात, ही गोष्ट आधीच्या भागात पेरावी. एरवी तिला एसटीने यावे लागते. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदार बसलेले आहेत, वहिनीने आणलेल्या नव्या साडीची पिशवी तिच्या मांडीवर आहे. अंगठा यंत्रावर ठेवण्याआधी कारकून नियमाप्रमाणे विचारतो, "राजीखुशीनं देता ना, बाई?" ती थोरल्याकडे पाहते. थोरला पंख्याकडे पाहतो. भाग येथे कापावा आणि पुढचा भाग घरातून सुरू करावा, जिथे आई चार ताटे मांडून पाचवे हातात धरून उभी आहे.